मेलेल्या कोंबडीची खबर कोण देणार?

गेल्या काही महिन्यांत दोन पत्रांनी छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या वसाहतीतली बरीच माणसं एकमेकांपासून तोडली. पहिलं पत्र महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेलं: निवासी भागात कोंबड्या पाळण्यावर संपूर्ण बंदी घाला. खाली साठ-सत्तर सह्या. आठवडाभरात दुसरं गेलं: गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. त्याखालीही तेवढ्याच सह्या. मग मोबाइलवरच्या गटांत सकाळ-संध्याकाळ तोच विषय. एक म्हणतो, जालन्यात कुणी विचारत नाही. दुसरा म्हणतो, लातुरात असलं चालवून घेत नाहीत. तिसरा अमेरिकेतल्या शहरांची नावं घेतो. आणि बघता बघता वाद कोंबडीवरून सरकतो तो कोण काय खातं आणि कोण कुठल्या गल्लीत राहतं, इथवर येऊन पोचतो.

पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी परभणी जिल्ह्यात. दोन्ही पत्रं नीट वाचली आणि एकावरही सही केली नाही. कारण ज्या प्रश्नावर हा सगळा विषय तोलायला हवा, तो दोन्हींत नव्हता. उद्या सकाळी खुराडं उघडल्यावर दोन कोंबड्या माना टाकून पडलेल्या दिसल्या, तर ती पाळणारी बाई दवाखान्यात फोन करेल की परसात खड्डा खणेल? शहरातल्या कोंबड्यांविषयीचा कोणताही नियम बरा की वाईट, हे मी या एका कसोटीवर ठरवतो. या कसोटीला सरसकट बंदी उतरत नाही आणि सरसकट मोकळीकही उतरत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे: मराठवाड्यातल्या प्रत्येक शहरात घरापुरत्या मोजक्या कोंबड्या पाळायला उघड परवानगी असावी, दाट वसाहतीत कोंबडा नसावा, नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात व्हावी, आणि हा नियम पाचही महापालिकांत आणि सगळ्या नगरपरिषदांत एकच असावा.

आधी ते ‘जालन्यात चालतं’ तपासू. जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. त्याआधी तिथे नगरपरिषद होती आणि तिला १९६५ चा कायदा लागू होता. आता १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. कोंबडी तीच, खुराडं तेच, शेजारीही तेच, फक्त कायदा बदलला. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, याच वाटेने १९८२ मध्ये गेलं, नांदेड-वाघाळा १९९७ मध्ये, लातूर आणि परभणी २०११ मध्ये. बीड, धाराशिव, हिंगोली अजून नगरपरिषदाच आहेत. आमच्या शहराच्या कडेच्या सातारा-देवळाईचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ग्रामपंचायतींचा हा भाग २०१४ मध्ये नगरपरिषद झाला आणि २०१५ मध्ये महापालिकेत आला. तिथल्या एखाद्या म्हातारीने २०१४ च्या सुरुवातीला अंडी उबवायला बसवली असतील, तर त्यातून निघालेल्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, म्हाताऱ्या होण्याआधी तीन वेगवेगळ्या कायद्यांखालून गेल्या. त्यातल्या एकाही कायद्याने तिच्या दारात येऊन काही सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

आणि हा १९४९ चा कायदा आला कुठून? मुंबई प्रांतातल्या पुणे आणि अहमदाबादसारख्या शहरांसाठी तो झाला. तेव्हा मराठवाडा मुंबई प्रांतात नव्हताच. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटून आपल्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि पुढे १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. ज्या शहरांच्या अंगणात गोठा आणि खुराडं ही घराचीच खोली होती, ती शहरं हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो महापालिकेला उपविधी, म्हणजे स्थानिक नियम, करण्याचा अधिकार देतो आणि उपद्रव दूर करण्याचाही देतो. पण चार कोंबड्या हा उपद्रव कधी होतो, हे तो सांगत नाही. ते ठरतं तक्रार कोण करतो यावरून आणि त्या दिवशी कोणता स्वच्छता निरीक्षक येतो यावरून. माझ्या नोकरीत मी हेच पाहत आलो: एकाच गावात एका गल्लीत डझनभर कोंबड्या सुखाने दाणे टिपत, आणि दुसऱ्या गल्लीत तीन कोंबड्यांपायी पंचनामा होई. जिथे लिहिलेला नियम नसतो तिथे मोकळीक असते, असं समजू नका. तिथे मर्जी असते. म्हणून शेजारच्या शहरात ‘चालतं’ की ‘चालत नाही’ याची तुलना करून हाती काही लागत नाही.

दुसरीकडे सरकार स्वतः कोंबड्या वाटतं. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत पंचवीस तलंगा आणि तीन नर, किंवा एक दिवसाची शंभर पिल्लं, ५० टक्के अनुदानावर मिळतात. मी स्वतः ती वाटली आहेत. गिरिराज, वनराज या जाती खेड्यातल्या बाईच्या दारात नेऊन सोडल्या त्या आम्हीच. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१.७ कोटी निघाली, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त. म्हणजे एका खात्याच्या लेखी ती बाई लाभार्थी. तिचं गाव शहराच्या हद्दीत आलं की दुसऱ्या खात्याच्या लेखी तीच बाई उपद्रव. ही विसंगती मिटवायची जबाबदारी तिची आहे का?

आता बंदीवाल्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे जे खरोखर भारी आहे, ते मी आमच्या वसाहतीतल्या कुणापेक्षाही जास्त गंभीरपणे घेतो. बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला शेडमधल्या शेकडो कोंबड्या दोनेक दिवसांत मेल्या आणि तो बर्ड फ्लूच निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडायला लागले, तेही त्यानेच. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले. आणि आमच्या शहरात तर भरवस्तीतल्या सिद्धार्थ उद्यानात वाघ आहेत. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर जीव घेतो. २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एका मुलाचा मृत्यू झाला, तो या रोगाने झालेला देशातला पहिला नोंदलेला मानवी मृत्यू. उद्रेक ठरला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारावे लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत बसते. दाट शहरात त्या एका किलोमीटरमध्ये काय काय येतं, याचा विचार करा. घराभोवती मोकळी फिरणारी कोंबडी बंद शेडमधल्या कोंबडीपेक्षा कावळ्या-बगळ्यांच्या जास्त जवळ येते, हेही खरं आहे. ते लपवून मला माझी बाजू मांडायची नाही.

बंदीच्या बाजूने सगळ्यात मोठा दाखला आमच्या गटात कुणीच दिला नाही, म्हणून तो मीच देतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली हा रोग माणसांत शिरला. अठरा जणांना लागण झाली आणि सहा जण दगावले. २००६ मध्ये त्या शहराने घरोघरी कोंबड्या पाळण्यावर पूर्ण बंदी घातली. जगातल्या सगळ्यात अनुभवी शहराने बंदी निवडली, तर आपण कोण वेगळं सांगणारे?

पण हाँगकाँगने काय केलं, ते क्रमाने पाहिलं पाहिजे. १९९७ नंतर त्यांनी पहिला हात घातला तो जिवंत कोंबड्यांच्या बाजारात. बदकं वेगळी काढली, बाजाराला महिन्यात सुटीचे दिवस ठरवून त्या दिवशी धुऊन काढायला लावला. परसाची पाळी आली ती जवळजवळ नऊ वर्षांनी, आणि २००८ मध्ये बाजारात रात्रभर जिवंत पक्षी ठेवणंही बंद केलं. आपल्याकडे काय आहे? चौकाचौकात पिंजरे आहेत. पहाटे पिकअप गाडीतून चार ठिकाणच्या शेडमधले ब्रॉयलर येऊन एका पिंजऱ्यात पडतात, उरलेले दुसऱ्या दिवशीच्या नव्या पक्ष्यांत मिसळतात, कापलेली पिसं-आतडी नालीच्या कडेला पडतात आणि कावळे-कुत्री ती घेऊन गावभर जातात. विषाणूला एका कळपातून दुसऱ्या कळपात जायला यापेक्षा सोपी जागा कोणती? परसातल्या चार कोंबड्या जन्मभर अशा परक्या कळपांत मिसळत नाहीत. पहिल्या पत्रावर सह्या करणारे बरेच जण रविवारी त्याच पिंजऱ्यापुढे रांगेत असतात. हा मी टोमणा मारत नाही, मीही तिथेच उभा असतो. सांगायचं इतकंच की आरोग्याची काळजी असेल तर तिची सुरुवात पिंजऱ्यापासून करावी लागेल. दुकानदारांची संघटना असते आणि परसातल्या बाईची नसते, म्हणून सुरुवात परसापासून झाली, तर तिला आरोग्याचं धोरण म्हणता येणार नाही.

तरीही कुणी म्हणेल, दुकानं सुधारा आणि परसावरही बंदी घाला. दोन्ही करा. इथे मला माझ्या कसोटीकडे यावं लागतं. बर्ड फ्लूच्या बाबतीत सगळा खेळ पहिल्या दोन-तीन दिवसांचा असतो. खबर लवकर मिळाली तर एक किलोमीटरवर भागतं. उशिरा मिळाली तर जिल्हा जातो. आणि खबर देणारा कोण असतो? अधिकारी नव्हे, प्रयोगशाळा नव्हे. ज्याच्या घरची कोंबडी मेली, तो. जो माणूस मुळात बेकायदा कोंबडी पाळतो, तो ती मेल्याचं सांगेल का?

नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका शहराच्या कडेला गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांची, वस्ती होती. एका मावशीच्या सात-आठ कोंबड्या तीन दिवसांत गेल्या होत्या आणि मला ते कळलं पंधरा दिवसांनी, तेही दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना. विचारलं, मावशी, दवाखाना जवळ होता, कळवलं का नाही? ती म्हणाली, “सांगून काय करू सायब? कोंबड्या तर गेल्याच. तुमच्या मागं दुसरे सायब येतेत, आन् घर मोजायलेत.” कडुनिंबाखाली पुरल्या होत्या तिने. तो बर्ड फ्लू नव्हता बहुतेक, मानमोडी हा कोंबड्यांचा नेहमीचा रोग असावा. पण नमुना घेण्याची वेळ निघून गेली होती, म्हणून खात्रीने मला आजही सांगता येत नाही. त्या बाईला कायदा मोडायचा नव्हता. तिच्या घराला कागद नव्हता, आणि ज्याच्या घराला कागद नाही तो कुठल्याही कचेरीला आपला पत्ता सांगत नाही. आमच्या शहरात अशा गुंठेवारी वस्त्या शंभरावर आहेत. शहरातल्या कोंबड्या मुख्यतः तिथेच आहेत. बंगल्यांच्या वसाहतीत त्यामानाने थोड्या.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाहीये. १८९७ च्या पुण्यात प्लेग आला तेव्हा साथ खरी होती, माणसं खरोखर मरत होती, आणि रोग्याला वेगळं काढलं पाहिजे हा विचारही चुकीचा नव्हता. पण रँडच्या अंमलाखाली गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घ्यायला लागले, सामान बाहेर काढून जाळायला लागले, तेव्हा लोकांनी काय केलं? रोगी माळ्यावर लपवले, गाठी लपवल्या, मयत गुपचूप उरकली. ज्या साथीला पकडायचं होतं, ती सरकारच्याच धाकाने अंधारात गेली. पुढे सरकारला सक्ती सैल करावी लागली. कोंबडीची आणि माणसाची बरोबरी मी करत नाही. पण धाकाने माहिती आटते, हा धडा आपल्या राज्याने फार मोठी किंमत मोजून शिकला आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. मग पत्रात नेमकं झाकण्याचीच मागणी का करतो?

खबर मिळावी यासाठी व्यवस्थेत एक गोष्ट आधीच आहे, पण ती लोकांना माहीत नाही. उद्रेक झाल्यावर सरकार जे पक्षी मारतं त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. याचा अर्थ साधा आहे: पहिली कोंबडी मेली की लगेच कळवलं तर उरलेल्यांचे पैसे मिळतात, वाट पाहिली तर काहीच नाही. खबर देणाऱ्याच्या बाजूने ही तरतूद आहे. पण बंदी असलेल्या शहरात, बंदी मोडून पाळलेल्या कोंबडीची भरपाई मागायला कोण जाईल? बंदी या तरतुदीचा कणाच मोडते.

लसीचंही असंच आहे, आणि हा मुद्दा मी आमच्या गटात तीनदा समजावून सांगितला. बर्ड फ्लूची लस आपण कोंबड्यांना देत नाही. पण मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, देतो: पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमाराला पुढची लस टोचून. मग या लसीचा बर्ड फ्लूशी काय संबंध? संबंध असा की लस न दिलेल्या खुराड्यात दरवर्षी मर येते. मान वाकडी करून, हिरवट हगवण लागून कोंबड्या जातात आणि लोक म्हणतात, आली मानमोडी, दरसालचंच आहे. त्या नेहमीच्या मरणात बर्ड फ्लूचं मरण बेमालूम मिसळून जातं. लस दिलेल्या खुराड्यात मात्र एकदम चार कोंबड्या मेल्या तर ते वेगळं दिसतं, आणि पाळणारी घाबरून फोन करते. पण लासोटाची कुपी लहानात लहान शंभर मात्रांची येते, आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कुणी फोडत नाही. एका वॉर्डातली पंधरा-सोळा घरं एका सकाळी दवाखान्यात किंवा समाजमंदिरात आली तर एक कुपी बरोबर संपते. त्यासाठी ती घरं कोणती, हे माहीत असायला हवं. नोंद हवी ती यासाठी, दंडासाठी नव्हे.

म्हणूनच नोंद कुठे व्हावी हा माझ्यासाठी किरकोळ तपशील नाही. ती दवाखान्यात व्हावी. मालमत्ता कर, बांधकाम परवाना, अतिक्रमण, यांपैकी कशाशीही ती जोडलेली नसावी, आणि हे उपविधीतच लिहिलेलं असावं. नाव, गल्ली, किती पक्षी, लस कधी दिली, एवढं पुरे. फी नको.

वास, माश्या आणि आवाज, या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या कशामुळे होतात ते पाहिलं तर उपायही दिसतो. कोंबडीची विष्ठा कोरडी असेल तर तिला फारसा वास येत नाही. ती ओली झाली की अमोनिया सुटतो, तो डोळ्यांना झोंबतो, आणि त्याच ओल्या थरात माशी अंडी घालते. खाली चार बोटं तूस किंवा भुईमुगाची टरफलं, वर छप्पर, पाण्याचं भांडं सांडणार नाही असं टांगलेलं, आठवड्याला एकदा उलथापालथ. सहा कोंबड्यांची विष्ठा एवढ्यात मुरते आणि कुंड्यांना खत होतं. साठ कोंबड्यांची मुरत नाही. आकडा लागतो तो यासाठी. माझ्या बाजूच्या मंडळींनाही इथे ऐकून घ्यावं लागेल. उघड्या नालीत चोच मारत, दुसऱ्याच्या ओट्यावर घाण करत फिरणाऱ्या कोंबड्यांना ‘गरिबाचं पोट’ म्हणून पाठीशी घालणं बरोबर नाही. त्या नालीजवळ खेळणारी पोरंही गरिबाचीच असतात. आणि सहा कोंबड्यांवर कुणाचा संसार चालत नाही. त्यातून घरच्या लेकरांना अंडी आणि बाईच्या हाताला तिच्या हक्काचे चार पैसे मिळतात. तेवढं पुरेसं महत्त्वाचं आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

आवाजाबाबत मी बंदीवाल्यांशी जवळजवळ सहमत आहे. कोंबडी अंडं घातल्यावर पाच-दहा मिनिटं कलकलाट करते आणि गप्प होते. कोंबड्याचं तसं नाही. तो तांबडं फुटण्याआधी सुरू करतो आणि थांबत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जवळच्या खिडकीशी कोंबडा ती सहज ओलांडतो. अंड्यासाठी कोंबडा लागतही नाही, पिल्लांसाठी लागतो. न्यूयॉर्कसारख्या शहरात कोंबड्या चालतात आणि कोंबडा चालत नाही, त्यामागे हाच हिशेब आहे. मात्र ‘दाट वसाहत’ आणि ‘गावठाण’ यांत मी फरक करतो. फ्रान्समधल्या ओलेराँ बेटावर सुटीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी मॉरिस नावाच्या कोंबड्यावरून खटला भरला होता. २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याला आरवू दिलं, आणि २०२१ मध्ये तिथे ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा त्या जागेचा वारसा मानणारा कायदा झाला. आमच्या सातारा गावात आधी कोण आलं? गावठाणातला कोंबडा की त्याच्या शेजारी नंतर उभी राहिलेली सदनिकांची इमारत? गाव शहरात आलं म्हणून गावठाणातल्या माणसाने एका रात्रीत गाव सोडायचं का? गावठाणात कोंबडा राहू द्या. लेआउटमधल्या प्लॉटवर नको.

अमेरिकेतल्या शहरांचे दाखले आमच्या गटात फार फिरले, पण त्यातलं शिकण्यासारखं कुणी उचललं नाही. मॅडिसनने २००४ मध्ये चार कोंबड्यांना परवानगी दिली, सिअॅटलने २०१० मध्ये मर्यादा आठवर नेली आणि त्याच वेळी कोंबडे बंद केले. सिंगापूर घराला जागा असेल तर दहापर्यंत चालवून घेतं, पण जंगली पक्षी आत येणार नाहीत अशी जाळी हवी म्हणतं. आकडे वेगळे, तरी सगळीकडे नियम कागदावर आहे आणि पाळणाऱ्याला तो आधी माहीत आहे. सिंगापूरची जाळीची अट तर आपण जशीच्या तशी घ्यावी. कावळ्यांची जी भीती मी वर मान्य केली, तिच्यावर तोच उपाय आहे, आणि तिला चार हजारांचा पिंजरा लागत नाही. जुनी मासेमारीची जाळी आणि पत्र्याचा तुकडा पुरतो.

एक दाखला मात्र आपण घेऊ नये. मिनिआपोलिसमध्ये बरीच वर्षं अट होती की शंभर फुटांच्या आतल्या ८० टक्के शेजाऱ्यांची लेखी संमती आणा. ऐकायला किती लोकशाही वाटतं! आमच्या गटातल्या एका सज्जन गृहस्थांनी तडजोड म्हणून हेच सुचवलं. पण आपल्याकडे शेजाऱ्याची संमती म्हणजे काय, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. भाड्याचं घर आडनाव विचारून दिलं जातं अशा शहरांत आपण राहतो. कोणाच्या घरच्या रस्स्याचा वास ‘वास’ असतो आणि कोणाच्या घरचा ‘घाण’ असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे ८० टक्के सह्या कोणाला मिळतील आणि कोणाला कधीच मिळणार नाहीत? शेजाऱ्याला तक्रारीचा हक्क असावा, वास आला तर, माश्या झाल्या तर, आवाज झाला तर. त्याच्या तक्रारीवर तीन दिवसांत कुणीतरी येऊन पाहावं. पण त्रास व्हायच्या आधीच, केवळ तू कोण आहेस हे पाहून नाही म्हणण्याचा हक्क त्याला देऊ नये.

शेवटचा आक्षेप प्रशासनाचा, आणि तो मी नोकरीत असताना स्वतःही घेतला असता: माणसं कुठे आहेत? महापालिकेच्या पशुवैद्यकाला कुत्र्यांचं निर्बीजीकरण पुरत नाही, त्यात खुराडी कोण तपासणार? अडचण खरी आहे. पण १९८० मध्ये रतलामच्या नगरपालिकेने उघड्या नाल्यांच्या बाबतीत पैसे नाहीत म्हणून हात वर केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते कारण मानलं नाही. आणि मुळात बंदी राबवायला काय कमी माणसं लागतात? प्रत्येक परसात डोकावायला फौज लागेल. नोंदीच्या नियमात तपासणी तक्रारीपुरती, आणि उरलेलं काम पाळणाराच करतो, कारण लस आणि भरपाई त्याला नोंदीमुळेच मिळणार असते. फिरतं पशुचिकित्सा पथक १९६२ या क्रमांकावर येतं. तो क्रमांक खुराड्याच्या दारावर रंगवून द्यायला किती माणसं लागतात?

मुरुंबा आणि उदगीर, दोन्ही जानेवारीत घडलं. नोव्हेंबरपासून जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर लांबून आलेले पक्षी उतरायला लागतात आणि ते उठून जाईपर्यंत आमच्या खात्यातल्या लोकांचा जीव टांगणीला असतो. या वर्षी ते यायच्या आत मी तिसरं पत्र तयार केलं आहे. त्यात सहा कोंबड्या, जाळी, दाट वसाहतीत कोंबडा नाही, दवाखान्यात फुकट नोंद, आणि त्या नोंदीचा दुसऱ्या कशासाठीही वापर नाही, एवढंच लिहिलं आहे. ते घेऊन आमच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथे एक ताई पाच कोंबड्या पाळते. तिने पत्र दोनदा वाचलं, पेन हातात घेतलं, मग खाली ठेवून विचारलं, “काका, इथं नाव लिवलं तर उद्या कोंबड्या न्यायला तर येणार नाहीत ना कुणी?” मी महापालिकेच्या वतीने तिला शब्द देऊ शकत नव्हतो. ती सही अजून व्हायची आहे.